मुका रिवेट

गॅरेजांच्या गल्लीत ‘मेव्हणे’ अशी हाक गेली की एकच माणूस मान वर करायचा. खरं नाव होतं, पण ते पेटीत ठेवलेल्या नव्या पान्यासारखं न वापरता तसंच राहून गेलं होतं. ते पहिल्यांदा या गल्लीत आले, त्या दिवशी त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, शटरच्या तोंडाशी उभं राहून ओळख करून दिली, “हे आमचे मेव्हणे. उद्यापासून घण मारतील.” संपलं. वेल्डरने तेच उचललं, पंक्चरवाल्याने तेच, चहावालीने तेच. साऱ्या गल्लीचा मेव्हणा होणं म्हणजे नेमकं काय होणं, हे डोक्यात उतरलं तेव्हा त्यांचे कान तापले. पण ताई समोरच्याच दुकानात ताडपत्र्या शिवायला बसायची. तिने जागेवरूनच, दातात दोरा धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “ज्याला ज्याला मेव्हणा पाहिजे, त्याने आधी माझ्या हातचं जेवून दाखवा. एकालाच पचतंय, त्याचीही तक्रार असते.” गल्ली हसली, दाजी सगळ्यात जास्त हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

काम दोघांचं होतं. ट्रकच्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, दोन्ही अंगांनी जाड लोखंडी कान असतात, त्यांना हँगर म्हणतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आणि पाट्यांवरच्या सगळ्या मालाचा भार त्या कानांवर लटकलेला असतो. गाडीत माल कोंबणाऱ्यांना गाडीला कान आहेत हे कधी आठवत नाही; मग एखाद्या खड्ड्यात कान फाटतो आणि तीच माणसं ‘तुमचं कामच कच्चं’ म्हणत दारात उभी राहतात. नवा हँगर लावायचा तर जुना काढायला हवा, आणि जुना चेसीला रिवेटांनी, म्हणजे दोन्ही टोकांना डोकं असलेल्या जाड खिळ्यांनी, टाचलेला. कारखान्यात हे रिवेट मशीनने दाबून बसवतात. पुढे कधी कुणाला ते काढावे लागतील, असा विचार तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात पाणी मुरतं, चिखल बसतो, दोन पत्र्यांच्या मध्ये गंज फुगतो आणि रिवेट भोकातल्या भोकात वाकडा होऊन बसतो, मुरलेल्या घरजावयासारखा. हलत नाही, बोलत नाही, जागा मात्र अडवून.

दाजी धरायचे, मेव्हणे मारायचे. आधी छन्नीने रिवेटचं डोकं उडवायचं, मग पंच लावून उरलेला दांडा पलीकडे हाणायचा. छन्नी काय, पंच काय, दोन्हींना दाजींनी सळईचा वळसा घालून लांब मूठ केली होती, म्हणजे घण चुकलाच तर हात वाचावा. पण मूठ कितीही लांब असली तरी आपल्या मनगटापासून वीतभर अंतरावर दुसऱ्याचा घण पडू देणं ही साधी गोष्ट नाही. सख्ख्या भावांनाही जमत नाही ते. म्हणून दोघांत एक नेम होता. दाजींनी ‘येऊ दे’ म्हटल्याशिवाय घण सुटायचा नाही. प्रत्येक घावाला वेगळं ‘येऊ दे’. आणि रिवेट निसटला की ‘आला’. दिवसभरात दोघांमध्ये एवढेच शब्द झाले, तरी संध्याकाळी काही बोलायचं राहून गेलं असं त्यांना कधी वाटलं नाही.

बरेचसे रिवेट बोलके असतात. सुरुवातीचे घाव टणटण वाजतात, मग आवाज बसतो आणि कळतं की आतली पकड सुटली. पण एखादा मुका निघतो. कितीही हाणा, तोच एक बद्द आवाज. सुटतोय की आणखी घट्ट बसतोय, थांगपत्ता लागू देत नाही. अशा वेळी दाजी जे करायचे ते गल्लीत दुसरं कुणी करत नसे. ते लाकडी खोक्यावर बसायचे, एका हाताने पंच धरायचे, चेसीला गाल टेकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “येऊ दे.” घावाची थरथर गालाच्या हाडातून त्यांच्या आत जायची. रिवेट केसभर हलला तरी त्यांच्या दाढेला समजायचं. “मुक्याचा मुका घ्यावा लागतो,” ते म्हणायचे, “तेव्हा कुठे बोलतो.”

गल्लीला एवढं पुरे होतं. चहावाली कप ठेवता ठेवता विचारायची, “काय दाजी, आजची कशी आहे? गोड का?” दाजी म्हणायचे, “ग्रीसची चव आहे, पण लाजत नाही.” आणि समोरून ताईचा आवाज यायचा, “घ्या, घ्या, गाड्यांचेच घ्या. घरी आलं की नुसतं घोरायचं.” त्यावर दाजी गाल न हलवता ओरडायचे, “घोरणं म्हणजेच प्रेम असतं, तुला भाषा कळत नाही.” या माणसाने कुणाचा टोमणा कधी उधार ठेवला नाही.

असेच एका दुपारी ते एका मुक्याला गाल लावून बसले होते. मेव्हण्यांनी घण मागे घेतला आणि ते थांबले. ‘येऊ दे’ आलं नाही. दाजी ऐकतायत, त्यांना वाटलं. मागच्या घावाचा उरलेला आवाज ते कधी कधी असे ऐकत बसायचे. घण जड होता. पलीकडे कंप्रेसर धडधडत होता. खांदा भरून आला तेव्हा मेव्हणे म्हणाले, “काय दाजी, किती वेळ मुका घेताय? मी तोंड फिरवू का?”

दाजी काही बोलले नाहीत. मेव्हणे हसत हसत आणखी थोडा वेळ घण धरून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. तसंच असेल. जन्मभर लोखंडाची थरथर अंगात घेतलेल्या माणसाचं हृदय कशाने थांबलं, हे खोदून बघायला कुणाला फुरसत आहे? गॅरेजच्या मालकाने कंप्रेसर बंद करायला लावला, चहा निवेपर्यंत. मग एका गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरायची निघाली. अर्धवट राहिलेली गाडी त्याने त्याच संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या, गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणाऱ्या गॅसवाल्याकडे पाठवून दिली.

मेव्हणे रडले नाहीत. ठरवून वगैरे काही नव्हतं, आलंच नाही. माणसं आली, बसली, गेली. लांबच्या एका आत्याने दाराशी चपला शोधता शोधता म्हटलं, “बहिणीचं एवढं मोठं माणूस गेलं, आणि हा बघा, दगड.” मेव्हण्यांनी ते ऐकलं. ऐकूनही आत काही हललं नाही, तेव्हा आत्याचं बरोबर असावं असं त्यांना वाटलं.

ते पहिल्यापासून ताईकडेच राहत. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीखाली दाजींची खाट. ताई जेवायला ताटं काढताना तीन काढायची आणि एक परत ठेवायची, आवाज न करता. मेव्हणे समोर येईल ते जेवायचे. एकदा ताईने पहिला घास घेतला आणि थबकली. “अरे, मीठ दोनदा पडलंय. खातोस कसा तू?”

“हो का?” ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

झोप लागायची. सकाळी जाग यायची. हात धुतले की पाणी गार आहे की गरम, हे पुसून झाल्यावर लक्षात यायचं. कुणी खांद्यावर हात ठेवला तर ते त्या हाताकडे बघायचे, कुणाचा आहे हे पाहण्यासाठी.

ताईने एकदाच विचारलं, भांडी घासताना, पाठमोरी असताना. “शेवटी काही बोलले का रे ते?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

हे खरं होतं. मेव्हणे स्वतः काय बोलले, ते तिने विचारलं नव्हतं. तिने नळ सोडला आणि पुष्कळ वेळ एकच भांडं घासलं.

गॅरेजात वेगळीच अडचण होऊन बसली. मेव्हण्यांनी घण उचलला की हात मागे जायचा आणि तिथेच राहायचा. समोर पंच धरून कधी वेल्डर बसायचा, कधी रंगवाला. “मारा,” ते म्हणायचे. “हाणा की,” म्हणायचे. एकाने तर “येऊ दे”सुद्धा म्हणून पाहिलं, दाजींचा आवाज काढून. त्यावर बाकीच्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो उठूनच गेला. हात काही सुटेना. शेवटी मेव्हणे घण खाली ठेवायचे आणि एकटेच ड्रिल घेऊन रिवेट कोरत बसायचे. ड्रिल सरकायचं, भोक अंड्याच्या आकाराचं व्हायचं. अशा भोकात बोल्ट कितीही आवळा, तो आतल्या आत डुलत राहतो. हे मेव्हण्यांना कळत होतं. कळूनही ते पुढचं भोक पाडायला घ्यायचे.

मालकाने काणाडोळा केला. माणुसकी म्हणून करतो, असं तो चहाच्या टपरीवर सांगत असे. खरं तर त्याला दुसरा माणूस मिळत नव्हता. तो मिळाल्यावर माणुसकी आटोपली. पलीकडच्या रस्त्यावरचा गॅसवाला इकडे यायला तयार झाला. ज्योत लावायची, की रिवेट गुळासारखा पाघळतो. त्या आगीने चेसीच्या पोलादाचं पाणी उतरतं, लोखंड मऊ पडतं आणि पुढे तिथूनच चीर जाते. पण तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते, मग कोणाला काय त्याचं!

“मेव्हणे, तुम्ही आता फाटकापाशी बसा,” मालक म्हणाला. “गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या. खुर्ची दिलीय. दाजींच्या नावासाठी एवढं तर मी करणारच.”

राग यायला हवा होता. ज्याच्या कंप्रेसरच्या आवाजात दाजी गेले, त्या माणसाच्या तोंडी दाजींचं नाव ऐकून राग यायलाच हवा होता. मेव्हण्यांनी खुर्चीकडे पाहिलं. प्लॅस्टिकची होती, एक पाय तारेने बांधलेला. “बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाजींच्या हातून अर्धवट राहिलेली ती गाडी परत आली.

तिचा ड्रायव्हर बोलका माणूस होता, उतरायच्या आधीच सुरू झाला. “मालक, ऐका. हिला पुन्हा आग लावायची नाही. एकदा लावून घेतली, बघा काय झालं ते. बोल्ट डुलतायत, हँगर डुलतोय, हिच्यासोबत मी डुलतोय. लोकांना वाटतं, मी पिऊन चालवतो.”

चाक काढलं, चेसी लोखंडी घोड्यांच्या आधारावर घेतली. जिथे जिथे आग लागली होती तिथलं लोखंड जांभळट पडलं होतं. एका भोकापासून केसासारखी चीर निघाली होती. हँगर जागोजाग बोल्टांनी बांधला होता, एक जागा सोडून. तिथे जुना रिवेट तसाच होता, डोकं उडालेला.

“हा का सोडला?” मालकाने विचारलं.

“मागून ब्रेकचा पाइप जातो ना. तो म्हणाला, तिथे ज्योत नेली तर गाडीच्या आधी मी पेटेन. मुका आहे, राहू दे म्हणाला.”

“मुका?”

“तुमच्याच इथला शब्द आहे म्हणे. मला वाटलं, कुणी घेतला होता का काय.” ड्रायव्हर स्वतःच हसला. आजूबाजूचं कुणी हसलं नाही, म्हणून मग खोकला.

मेव्हणे वाकून बघत होते. रिवेटच्या तुटक्या तोंडावर पंचाचे खड्डे होते, एकाच जागी, एकावर एक, जराही न घसरलेले. असे खड्डे या गल्लीत एकाच माणसाच्या हातून पडायचे. त्यावर आता गंज चढला होता. त्यांनी अंगठ्याने तो पुसला. मग अंगठा पँटला पुसला.

मालकाच्या लक्षात आलं होतं. तो हुशार होता, त्याशिवाय का मालक झाला! “बघा मेव्हणे,” तो म्हणाला, “हा एक आगीशिवाय काढून दाखवा, चेसीचं काम तुमचंच. खुर्चीवर मी बसतो. नाही निघाला तर जेवणानंतर गॅसवाल्याला बोलावतो. पाइप सोडवून घेईल तो.”

“पाइप सोडवा नाहीतर सासूला सोडवा,” ड्रायव्हर म्हणाला, “आग नको म्हणजे नको.”

मेव्हण्यांनी काम सुरू केलं. पाइपाच्या आड लोखंडी पट्टी उभी केली. रिवेटच्या मधोमध बारीक ड्रिल घातलं, कारण आत थोडी जागा झाली की फुगलेल्या दांड्याला दबायला वाव मिळतो. ड्रिल सरकलं नाही. दाजींचे खड्डेच इतके नेमके होते की त्याला सरकायला जागा नव्हती. वरून तेल सोडलं. ते मुरेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. हे सगळं त्यांच्या हातांनी आपलं आपण केलं. मग पंच काढला, घण काढला. वेल्डर येऊन दाजींच्या खोक्यावर बसला. त्याने पंच लावला.

“मारा.”

घण मागे गेला आणि थांबला.

“मारा ना मेव्हणे.”

कंप्रेसर चालू होता. मेव्हणे घण धरून उभे. वेल्डरने मूठ या हातातून त्या हातात घेतली. “अहो, एक तर मारा नाहीतर ठेवा. माझा हात भरून आला.”

मेव्हण्यांनी घण ठेवला. शटरपाशी मालकाने घड्याळाकडे पाहिलं, सगळ्यांना दिसेल असं.

समोरच्या दुकानात ताईने ती गाडी आल्या आल्याच ओळखली होती. गाडीच्या ताडपत्रीचा उसवलेला कोपरा तिनेच कधीतरी शिवला होता, आणि आपला टाका माणूस शंभर टाक्यांत ओळखतो. ती शिवत राहिली होती. पण घण मागे जातो आणि तिथेच राहतो, हे तिने आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तिने सुई ताडपत्रीतच खुपसून ठेवली आणि रस्ता ओलांडला. सुई दाबायचं चामडं तळहाताला तसंच बांधलेलं होतं.

“सरक,” ती वेल्डरला म्हणाली.

“ताई, तुम्ही कुठे यात पडता? लोखंडाचं काम आहे.”

“आणि मी काय रेशमावर लोळते? ऊठ.”

वेल्डर उठला. ताई खोक्यावर बसली. तिने पंचाची मूठ हातात घेतली, वजन पाहिलं आणि पंच खड्ड्यात टेकवला.

“ताई, नको,” मेव्हणे हळू म्हणाले.

“का?”

“चुकला तर?”

“त्यांच्या हातावर कधी चुकला?”

“नाही.”

“मग माझ्यावर चुकवायचा खास बेत आहे का?” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “काय म्हणायचे ते? घाव मागताना?”

“तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय. ते गेल्यापासून तू त्यांच्याबद्दल एक शब्द काढलेला नाहीस.”

मेव्हण्यांनी ओठ ओले केले. “येऊ दे, म्हणायचे.”

“येऊ दे,” ताई म्हणाली.

घण मागे गेला आणि थांबला.

ती ओरडली नाही. घणाकडे बघितलं, मग भावाकडे. कंप्रेसरच्या आवाजात शटरपर्यंत काही ऐकू जात नव्हतं. “काय झालं होतं रे त्या दिवशी?” तिने विचारलं. “ते काहीतरी बोलले आणि तू ते लपवतोयस, असं मला रोज वाटतं. वाईट असलं तरी सांग. माझ्याबद्दल असलं तरी सांग.”

“ते नाही बोलले. मी बोललो.”

“काय?”

“चेष्टा केली.” मेव्हण्यांचा आवाज सपाट होता, नोटीस वाचून दाखवावी तसा. “ते गाल लावून बसले होते. मला वाटलं, ऐकतायत. म्हटलं, काय दाजी, किती वेळ मुका घेताय, मी तोंड फिरवू का. आणि हसलो. ते तसे बसलेले, आणि मी इथे उभा राहून हसत होतो.”

ताई बघतच राहिली. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तिने चामड्याच्या हाताने तोंड दाबलं, पण हसू बोटांमधून बाहेर आलंच. शटरपाशी मालकाला वाटलं, बाई रडतेय. त्याने मान वळवली, माणुसकी म्हणून.

“मग?” तिने डोळे पुसत विचारलं. “ते काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले. तेच तर सांगतोय.”

“तू असं म्हटल्यावर ते गप्प बसले?”

“हो.”

“ते?” ताईचं हसू थांबलं. ती विचार करत होती. “अरे, झोपेत टोमणा मारला तर कूस बदलून उत्तर देणारा माणूस तो. माझं एक वाक्य त्याने जन्मात खाली पडू दिलं नाही. तू म्हणालास, तोंड फिरवू का, आणि त्यांनी ते सोडून दिलं? शक्यच नाही. मग ते आधीच गेले होते. तुझं ऐकायला तिथे कुणी नव्हतंच.”

मेव्हण्यांनी यावर विचार केला. बहिणीचं म्हणणं उलटसुलट करून पाहिलं, एखादा नट-बोल्ट हातात फिरवून बघावा तसं. आटे बरोबर बसत होते. मोकळं वगैरे वाटलं नाही. फक्त ज्या वाक्याला ते इतके दिवस धरून उभे होते, ते वाक्य कुणालाच लागलं नव्हतं, एवढं समजलं.

“गाल लावायचे ना?” ताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चेसीला गाल लावला. “शी, किती घाण वास येतो. येऊ दे.”

घण सुटला.

बद्द.

ताईचे डोळे फाकले. “बाप रे. दात हलले.”

“लागलं का?”

“नाही. येऊ दे.”

बद्द. “येऊ दे.” बद्द. गल्लीत कामं थांबली होती, पण कुणी जवळ आलं नाही. चहावाली किटली हातात धरूनच उभी राहिली. मेव्हणे मारत होते. प्रत्येक ‘येऊ दे’ला एक. घाव खांद्यातून तळहातात उतरत होता आणि तळहातांना तो, बऱ्याच दिवसांनी, थोडा थोडा कळत होता. आवाज मात्र तोच, बद्द, ठार मुका.

“काही कळतंय का?” त्यांनी विचारलं.

“गालाला मुंग्या येतायत. येऊ दे.”

बद्द.

“आता दाढेत आलं काहीतरी. येऊ दे.”

घाव पडला आणि मेव्हण्यांनी घण मागे घेतला. ते थांबले. ताई डोळे मिटून, चेसीला गाल लावून बसली होती. ती काही बोलली नाही. ऐकत असेल, त्यांना वाटलं. कंप्रेसर धडधडत होता. घण जड झाला. ताई हलली नाही.

“ताई.”

तिचे डोळे मिटलेलेच.

“ताई!” घण त्यांच्या हातातून कुठे पडला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. “ताई, बोल! बोल काहीतरी!”

“अरे, काय!” तिने दचकून डोळे उघडले. “ओरडतोस कशाला असा?”

“तू बोलली नाहीस.”

“काय बोलायचं?”

“आला म्हणायचं असतं.”

“तो काय खाली पडलाय. दिसत नाही तुला?”

“मला दिसत नाही. म्हणायचं असतं, ताई. निघाला की म्हणायचं असतं.”

ताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची हनुवटी हलत होती, आणि ती थांबवायची कशी हे त्यांना येत नव्हतं. ती ओठांशी येणारं काहीतरी गिळून हळूच म्हणाली, “आला रे. आला.”

मेव्हणे मातीत बसले, गाडीखाली अर्धे, बाहेर अर्धे. पुढे काय झालं ते ड्रायव्हरने पाहिलं, पण ते त्याने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. बोलका माणूस असूनही. ते फार चाललं नाही. एका रिवेटासाठी कुणी घळाघळा रडत नाही. डोळ्यांत जे आलं ते त्यांनी ग्रीसने माखलेल्या बाहीला पुसलं आणि तोंड अजूनच काळं झालं.

मालक आला. वाकून भोकातून पाहिलं; पलीकडचा उजेड गोल दिसत होता, अंड्याच्या आकाराचा नाही. “निघाला वाटतं,” तो म्हणाला, जणू स्वतःच काढला. “बरं, बरं. ती चीर वेल्ड करून पट्टी मारून घ्या. आणि खुर्ची...”

“खुर्ची वेल्डरला द्या,” मेव्हणे बसल्या जागेवरून म्हणाले. “त्याचा हात भरून आलाय.”

गल्ली हसली, वेल्डरसकट. मेव्हणे हसले नाहीत. आपण चेष्टा केली हे त्यांच्या थोडं उशिरा ध्यानात आलं, आणि ते क्षणभर कुणी उत्तर देतंय का, याची वाट बघत राहिले.

ताई उठली, लुगड्याची धूळ झटकली. तिच्या गालावर चेसीच्या कडेचा तांबडा पट्टा उमटला होता. चहावालीने कप पुढे केला. “ताई, गालाला काय लागलंय?”

“गंज आहे.”

“पुसा की.”

“राहू दे.” ती चहा घेऊन रस्ता ओलांडायला लागली, मग मध्येच वळली. “पुन्हा मुका निघाला तर हाक मार रे. उगाच वेल्डरला धरून बसू नको.”

“तू कामात असशील.”

“ताडपत्री काय पळून जाते?”

ती जाऊन बसली, सुई ओढून काढली, दोरा दातात धरला.

मेव्हण्यांनी मातीत हात फिरवून रिवेट शोधला. बोटभर, वाकडा, मधोमध भोक पडलेला. घाव खाऊन खाऊन अजून कोमट होता. तो कोमट आहे हे त्यांना कळलं, आणि कळलं म्हणून ते जरा वेळ तो तसाच धरून बसले. मग गार होऊ लागला तसे उठले आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपात त्यांनी तो टाकून दिला.

टण वाजला.